मित्र एकमेकांना किती ओळखतात? ओळखीचे खेळ मांडायचे कसे, रंगवायचे कसे

जुन्या मित्रमंडळींना एकत्र बसवून विचारा, "तुम्ही एकमेकांना कितपत ओळखता?" सगळे एका सुरात सांगतील, "अंतर्बाह्य!" मग त्यांच्यातल्या एकाबद्दल साधासा प्रश्न विचारा, उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि सगळे कागद एकदम उलटायला सांगा. एकमत झालेलं क्वचितच दिसेल. विल्यम स्वान आणि मायकेल गिल या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असंच काहीसं आढळलं होतं. नातं जितकं जुनं आणि जवळचं, तितका "मी याला ओळखतो" हा विश्वास वाढत जातो. अंदाजांचा अचूकपणा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

खेळ मांडणाऱ्याला ही आनंदाची बातमी आहे. वीस वर्षांच्या मैत्रीतही चुकायला भरपूर जागा असते, आणि या खेळांची खरी गंमत चुकलेल्या उत्तरांतच असते. बरोबर उत्तराला टाळी मिळते आणि विषय संपतो. चुकलेल्या उत्तरापाठोपाठ "अरे, पण का?" येतं आणि मग माणसं बोलायला लागतात. म्हणून पहिल्यांदाच असा खेळ मांडत असाल तर माणसं किती, प्रश्न कोणते, गुण कसे द्यायचे हे सगळं ठरवताना एकच पाहा: चुकलेल्या उत्तरानंतर बोलायला वाव राहतोय ना?

आधी माणसं, वेळ आणि सामान

चार ते आठ जण असले की खेळ चांगला चालतो. तिघांत अंदाज बांधणारे दोघंच उरतात, त्यामुळे फेरी लगेच संपते. आठाच्या वर गेलात तर आपली पाळी यायला इतका वेळ लागतो की लोक मोबाइल काढून बसतात. दहा-बारा जण जमणार असतील तर सरळ दोन कंपू करा, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवा आणि शेवटची एकच फेरी सगळ्यांनी मिळून खेळा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सहा जण आणि प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न धरले तर १८ प्रश्न होतात. लिहिणं, वाचणं, हसणं आणि त्यावरच्या गप्पा धरून एका प्रश्नाला दोन-अडीच मिनिटं जातात. म्हणजे साधारण ३५ ते ४५ मिनिटं. त्याहून लांबवू नका. लोक "अजून एक फेरी!" म्हणत असतानाच थांबलेलं बरं.

सामान फारसं लागत नाही. सारख्या आकाराचे कागदाचे तुकडे, चिठ्ठ्या टाकायला एखादं खोलगट भांडं आणि फोनमधलं टायमर एवढं पुरे. पेनं मात्र सगळ्यांना एकाच रंगाच्या शाईची द्या. पुढे निनावी चिठ्ठ्यांचा खेळ आला की हिरव्या शाईवरूनच माणूस ओळखू येतो आणि मजा जाते. पुठ्ठा किंवा वही प्रत्येकाच्या हाताशी असू द्या, नाहीतर लिहिताना शेजाऱ्याला सगळं दिसतं.

एक सूत्रधार नेमा. प्रश्न वाचणं, वेळ पाहणं आणि गुण लिहिणं ही त्याची कामं. पहिल्यांदा ही जबाबदारी तुम्हीच घ्या, कारण कुठे थांबायचं आणि कुठे गप्पा वाहू द्यायच्या हे त्याला ठरवावं लागतं. सूत्रधारानंही खेळावं. तो नुसताच प्रश्न विचारत राहिला तर बाकीच्यांना चौकशी चालल्यासारखं वाटतं.

आणि जमलेल्यांत कोणी नवं असेल, कोणाची नुकतीच ओळख झालेली जोडीदार किंवा एखाद्याचा ऑफिसातला सहकारी, तर त्याचा विचार आधीच करून ठेवा. इतरांच्या जुन्या आठवणींत ते माणूस मुकाट बसून राहतं. त्याला एखाद्या जुन्या गड्याशी जोडून द्या, दोघांचं मिळून एक उत्तर घ्या. किंवा सुरुवातच 'दोन खरं, एक खोटं' या खेळानं करा. तिथे ज्याला कोणी ओळखत नाही त्याचंच पारडं जड असतं.

मूळ खेळ: ज्याच्यावर राज्य

नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. लहानपणी लपाछपीत राज्य यायचं, तसंच इथेही एकेकावर राज्य येतं, आणि बाकीचे त्याची उत्तरं ओळखतात.

१. चिठ्ठी टाकून क्रम ठरवा. "तू आधी, तू आधी" करत बसलात तर सगळ्यात बोलका माणूस पहिला बसतो आणि पुढच्यांना त्याच्याइतकं हशा पिकवण्याचं दडपण येतं.

२. सूत्रधारानं प्रश्न दोनदा वाचावा. एकदा वाचला की कोणीतरी हमखास अर्धवट ऐकतं.

३. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं सगळ्यात आधी आपलं खरं उत्तर लिहून कागद पालथा ठेवावा. ही पायरी कधीही गाळू नका. आधी इतरांचे अंदाज ऐकले की उत्तर नकळत बदलतं. एखादा अंदाज आवडला म्हणून माणूस "हो हो, हेच" म्हणून मोकळा होतो.

४. बाकीच्यांनी ४५ सेकंदांत, चार शब्दांच्या आत अंदाज लिहावा. लिहिताना बोलायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत.

५. आधी सगळे अंदाज वाचा, खरं उत्तर अगदी शेवटी. खरं उत्तर आधी फुटलं तर उरलेले अंदाज कोणी ऐकत नाही, आणि सगळ्यात मजेदार अंदाज तिथेच वाया जातो.

६. 'जवळपास बरोबर' उत्तराला गुण द्यायचा की नाही, हे फक्त राज्य असलेल्यानं ठरवावं. त्याचा शब्द शेवटचा. वाद घालणं म्हणजे रडीचा डाव.

७. मग सूत्रधारानं एकच प्रश्न विचारावा. सगळ्यात लांब गेलेल्याला, "तुला असं का वाटलं?" किंवा राज्य असलेल्याला, "असं कधी झालं होतं का?"

सातवी पायरी घाईत गाळली जाते, पण खेळाचा जीव तिच्यातच आहे. एक डाव मला अजून लख्ख आठवतो. राज्य आमच्या कंपूतल्या सगळ्यात खंबीर मैत्रिणीवर होतं. प्रवास असो, कोणाचं घर बदलणं असो, याद्या करणारी आणि सगळ्यांना हाकणारी तीच. प्रश्न होता, "अनोळखी शहरात मध्यरात्री उतरलीस, सामान हरवलंय, फोन बंद पडलाय. पहिल्यांदा काय करशील?" अंदाज आले: "तक्रार नोंदवेल", "चार्जर मिळवेल", "कोणाला तरी कामाला लावेल", "राहायची जागा बघेल". तिनं पालथा ठेवलेला कागद उलटला. त्यावर लिहिलं होतं, "पाच मिनिटं रडेन". खोलीत एकदम गलका झाला, कोणाचाच विश्वास बसेना. सूत्रधारानं शांतपणे विचारलं, "असं कधी झालं होतं का?" तेव्हा तिनं एका जुन्या प्रवासातली गोष्ट सांगितली. त्या प्रवासाला आमच्यातले दोघं तिच्याबरोबरच होते. त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

हे सगळ्यांना माहीत असायलाच हवं होतं, असं तेव्हा वाटलं. पण ते माहीत नसण्यामागचं कारण सरळ आहे. सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार, माणसाच्या आतली घालमेल, चिंता, असुरक्षितता या गोष्टी त्याच्या स्वतःइतक्या मित्रांना कळत नाहीत. उलट बुद्धी किंवा कल्पकता यांच्याबाबतीत मित्रांचा अंदाज स्वतःच्या अंदाजापेक्षा अचूक ठरतो, कारण तिथे माणसाला स्वतःकडे तटस्थपणे पाहता येत नाही. बडबडेपणासारख्या उघड दिसणाऱ्या गोष्टी दोघांनाही सारख्याच कळतात. खेळ मांडताना याचा थेट उपयोग होतो. "घाबरलास की काय करतोस?" असा प्रश्न आला की बरेच जण चुकणार, हे धरून चाला आणि त्याच्यामागच्या गप्पांसाठी वेळ राखून ठेवा.

प्रश्न: सगळी मेहनत इथे करा

खेळ फसतो तो बहुतेक वेळा प्रश्नांमुळे. पहिल्यांदा प्रश्न लिहायला बसलं की हटकून हेच सुचतं: आवडता रंग, आवडता पदार्थ, वाढदिवस, पहिल्या शाळेचं नाव. शाळेच्या शेवटच्या वर्षात फिरणाऱ्या स्लॅम बुकची सवय हातात असते. ही पद्धतही बरीच जुनी आहे. युरोपात १९व्या शतकात मित्रमैत्रिणींना अशा प्रश्नावलीच्या वह्या भरायला द्यायची रीत होती. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकानं लहान वयात, १८८०च्या दशकात अशा प्रश्नांना दिलेली उत्तरं आजही वाचली जातात. पण वही भरणं वेगळं आणि दुसऱ्याचं उत्तर ओळखणं वेगळं. आवडता रंग कोणता हे माहीत असलं किंवा नसलं, तरी त्यावर पुढे बोलण्यासारखं काही नसतं.

प्रश्नांचे ढोबळमानानं तीन प्रकार पडतात. माहितीचे, म्हणजे एकदा ऐकलं की लक्षात राहणारे. आवडीनिवडीचे. आणि वागण्याचे: अमुक प्रसंग आला तर हा काय करेल? माहितीचे एक-दोन प्रश्न सुरुवातीला घशाला सूर लावण्यापुरते ठेवा, आवडीनिवडीचे थोडे, आणि निम्म्याहून जास्त वागण्याचे. मित्र किती ओळखतो हे तिसऱ्या प्रकारातच कळतं, कारण त्याचं उत्तर कोणी सांगितलेलं नसतं. सोबत घालवलेल्या वेळातून ते काढावं लागतं.

कोमट प्रश्न तापवायची युक्ती सोपी आहे: त्याला प्रसंग जोडा.

"तुझा आवडता पदार्थ कोणता?" ऐवजी "ताटातलं कोणी उचललं तर तू सगळ्यात जास्त कशावर चिडशील?"

"तुला कशाची भीती वाटते?" ऐवजी "घरात एकटा असताना रात्री आवाज आला तर आधी काय करशील?"

"तू प्रामाणिक आहेस का?" याला तर काही अर्थच नाही, कोण "नाही" लिहिणार? त्याऐवजी "दुकानदारानं चुकून जास्त सुटे पैसे परत दिले आणि तुला घरी आल्यावर कळलं. पुढे?"

"तुझा छंद काय?" ऐवजी "अचानक एक दिवस सुट्टी मिळाली, कोणालाही सांगायची गरज नाही. दुपारी दोन वाजता तू कुठे सापडशील?"

वेळ, जागा, एखादी वस्तू प्रश्नात आली की उत्तर आपोआप नेमकं होतं आणि चार शब्दांत मावतं. "जीवनात तुला काय महत्त्वाचं वाटतं?" असे प्रश्न टाळा. त्यांची उत्तरं लांबलचक येतात, कोणाचंच कोणाशी जुळत नाही आणि गुण देताना सूत्रधाराची पंचाईत होते. 'हो-नाही' किंवा 'हे की ते' असे प्रश्नही जपून वापरा. दोनच पर्याय असले की डोळे मिटून लिहिणाराही निम्म्या वेळा बरोबर येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. पर्याय द्यायचेच असतील तर चार द्या आणि चारही त्या माणसाला लागू पडतील असे निवडा.

सुरुवातीला हाताशी असावेत म्हणून हे काही प्रश्न. तसेच्या तसे वापरा किंवा आपल्या कंपूप्रमाणे बदला.

हलके: फोनमधलं कोणतं ॲप पुसायला लागलं तर जिवावर येईल? गजर पहिल्यांदा वाजतो तेव्हा काय करतोस? ठरलेल्या वेळेच्या किती मिनिटं आधी किंवा नंतर पोचतोस? न आवडलेली भेटवस्तू मिळाली तर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य कोणतं? रस्ता चुकलास, तर कोणाला विचारशील की स्वतःच शोधत बसशील?

थोडे आतले: भांडणानंतर पहिला फोन तू करतोस की वाट पाहतोस, आणि किती वेळ? कोणतं कौतुक ऐकलं की सगळ्यात जास्त संकोच वाटतो? एखादं काम जमत नसेल तर किती वेळानं मदत मागतोस? इथल्यांपैकी कोणाला मध्यरात्री उठवायला तुला काही वाटणार नाही? कोणती गोष्ट वर्षानुवर्षं "करायचीय" म्हणतोयस?

आणखी आतले: तुझ्याबद्दल लोकांचा कोणता समज चुकीचा आहे? पाच वर्षांपूर्वीच्या तुझ्या कोणत्या मताचं आज हसू येतं? कोणाची माफी मागायची राहून गेली आहे, त्याचं नाव नको, ते माणूस घरातलं, शाळेतलं की कामातलं?

क्रमही हाच ठेवा. आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अनोळखी माणसांच्या जोड्यांना त्यांनी ३६ प्रश्न तीन गटांत दिले होते, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा खासगी. साधारण ४५ मिनिटांच्या त्या गप्पांनंतर, किरकोळ विषयांवर बोललेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. त्यातली पायरी-पायरीनं आत जाण्याची रीत आपल्यालाही लागू पडते. दुसऱ्याच प्रश्नाला माफीचा विषय काढलात तर लोक आक्रसून बसतात.

गुण कसे द्यायचे

पहिल्या दिवशी बरोबर अंदाजाला एक गुण, एवढंच ठेवा. चुकल्याबद्दल शिक्षा किंवा फजिती नको. चुकल्यावर काहीतरी भोगावं लागणार असेल तर लोक सुरक्षित, गुळमुळीत अंदाज लिहितात आणि खेळाचा कस जातो.

दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा खात्रीची पैज जोडा, मला हा प्रकार फार आवडतो. अंदाज लिहिताना प्रत्येकानं शेजारी 'नक्की' किंवा 'अंदाज' असंही लिहायचं. 'अंदाज' बरोबर आला तर १ गुण, चुकला तर काही नाही. 'नक्की' बरोबर आला तर ३ गुण, चुकला तर २ गुण वजा. हे आकडे असे बसवले आहेत की निम्म्याहून जास्त खात्री असेल तेव्हाच 'नक्की' लिहिणं परवडतं. सुरुवातीला सांगितलेला तो फाजील विश्वास इथे गुणतक्त्यावर उघडा पडतो: सगळ्यात जुना मित्र तीनदा 'नक्की' लिहून उणे गुणांवर जातो आणि सहा महिन्यांची ओळख असलेली मैत्रीण सावध अंदाज लिहीत पुढे निघते. यात शिक्षेचा भाग नाही, कारण जोखीम प्रत्येकानं स्वतःहून घेतलेली असते.

ज्याच्यावर राज्य आहे त्याला स्वतःचा प्रश्न निवडू देणार असाल तर त्यालाही गुण द्या, पण डिक्सिटच्या पद्धतीनं. २००८ सालच्या त्या चित्रपत्त्यांच्या खेळात सूचना देणाऱ्याचं चित्र सगळ्यांनी ओळखलं किंवा कोणीच ओळखलं नाही, तर त्याला शून्य मिळतं. काहींनी ओळखलं, काहींनी नाही, तरच गुण. हा नियम लावला की माणूस अगदी सोपा प्रश्नही निवडत नाही आणि कोणालाच न कळणाराही निवडत नाही.

मागे पडलेल्यांचा उत्साह टिकवायचा असेल तर शेवटचा प्रश्न जड ठेवा. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या 'द न्यूलीवेड गेम' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात नवी जोडपी एकमेकांची उत्तरं ओळखायची. आधीचे प्रश्न ५ आणि १० गुणांचे, शेवटचा २५ गुणांचा. त्यामुळे मागे पडलेल्यांनाही शेवटपर्यंत आशा असायची.

मूळ खेळ जमला की पुढचे

*दोन खरं, एक खोटं.* प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, त्यातलं एक खोटं. बाकीच्यांनी ते पकडायचं. नवखे इथे खोटं वाक्य भलतंच सजवतात आणि लगेच सापडतात. खऱ्या दोन गोष्टी अविश्वसनीय निवडा आणि खोटी गोष्ट साधी, तपशिलात खऱ्याला खेटून जाणारी ठेवा: तुम्ही खरंच गेलेल्या ठिकाणी न घडलेलं काहीतरी. तिन्ही वाक्यं सारख्याच लांबीची असू द्या. चेहरा फुटेल याची काळजी करू नका. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत दिसलं की खोटं बोलणाऱ्याला आपण जितके पकडले जाऊ असं वाटतं, त्यापेक्षा तो कमीच पकडला जातो. आणि चार्ल्स बाँड व बेला डिपॉलो यांनी २००६ साली अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासंच बरं. म्हणून पकडणाऱ्यानं चेहऱ्याकडे पाहत बसण्यापेक्षा त्या माणसाबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी वाक्य ताडून पाहावं. प्रत्येक वाक्यावर एक उपप्रश्न विचारायची मुभा ठेवलीत तर खेळ आणखी रंगतो.

*हे कोणाचं उत्तर?* सगळ्यांना एकच प्रश्न, सगळ्यांनी उत्तर निनावी चिठ्ठीवर लिहायचं, सूत्रधारानं चिठ्ठ्या मिसळून वाचायच्या आणि कोणाची कोणती ते सगळ्यांनी ओळखायचं. बुजऱ्या माणसांसाठी यासारखा खेळ नाही. एकट्यावर रोखलेल्या नजरा नसतात, आणि पुष्कळदा सगळ्यात भन्नाट चिठ्ठी त्यांचीच निघते. अक्षर ओळखू येत असेल तर सगळ्यांनी ठळक, सुटं अक्षर काढावं किंवा सूत्रधाराच्या फोनवर टाइप करावं.

*जोड्यांचा खेळ.* जोडीतल्या दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. प्रश्न "दोघांपैकी आधी माफी कोण मागतं?" अशा धर्तीचे. दोघांनी एकाच वेळी पाटी वर करायची. नवरा-बायकोच हवेत असं नाही. खोलीत एकत्र राहणारे, सख्खी भावंडं, एकाच बाकावर बसलेले वर्गमित्र, कोणीही चालतं. भावंडं तर फारच मजा आणतात.

*कोण असं करेल?* "चुकीच्या ट्रेनमध्ये कोण चढेल?" म्हटलं की तीन अंक मोजून सगळ्यांनी एकदम बोट दाखवायचं. सोपा, झटपट, पण धोका एकच: सलग तीन-चार वेळा सगळी बोटं एकाकडेच वळतात आणि ते माणूस हसत असलं तरी आतून दुखावलेलं असतं. म्हणून प्रश्नांत निम्मे तरी चांगले गुण आणा: "पूर आला तर सगळ्यांना बाहेर कोण काढेल?", "गुपित कोणाकडे सुरक्षित राहील?"

*मी कधीच नाही.* "मी कधीच अमुक केलेलं नाही" म्हणायचं, ज्यांनी केलंय त्यांनी एक बोट मिटायचं, दहा बोटं मिटली की गडी बाद. सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ, जास्त सांगण्यासारखं काही नाही. फक्त समोरच्या एखाद्याला उघडं पाडायला मुद्दाम त्याचंच काहीतरी बोलायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

टाइमप्लीज

आता महत्त्वाचं. खेळ सुरू होण्यापूर्वी सूत्रधारानं मोठ्यानं सांगावं: कोणालाही, कोणत्याही प्रश्नाला, कारण न देता 'टाइमप्लीज' म्हणता येईल. प्रश्न बदलला जाईल, गुण जाणार नाही आणि "का रे?" असं कोणी विचारणार नाही. पहिला 'टाइमप्लीज' सूत्रधारानंच स्वतःच्या एखाद्या प्रश्नावर घ्यावा. नुसतं सांगून भागत नाही; कोणीतरी घेतलेला दिसला की मगच इतरांना तो घेण्याचं धैर्य होतं.

काही विषय खेळात आणूच नका. पगार आणि कर्ज, वजन आणि दिसणं, मोडलेली नाती, मूल कधी किंवा का नाही, आजारपणं, आणि जमलेल्यांपैकी दोघांत चालू असलेलं भांडण. "आम्ही इतके जवळचे आहोत, आम्हाला काय" हे इथे चालत नाही. एखाद्यानं हे सगळं तुम्हाला एकट्याला सांगितलं असेल, पण आठ जणांसमोर तेच ऐकणं त्याला जड जाऊ शकतं. त्यावरूनच दुसरा नियम: विश्वासानं सांगितलेलं गुपित अंदाज म्हणून लिहायचं नाही. बरोबर उत्तर ठाऊक असलं तरी चुकीचं लिहा, एका गुणानं काही बिघडत नाही.

व्हिडिओ काढायचा असेल तर आधी सगळ्यांना विचारा. एकानंही नकारार्थी मान हलवली तर काढू नका. कॅमेरा चालू असताना लोक उत्तरं कॅमेऱ्यासाठी देतात.

मध्येच कोणी एकदम गप्प झालं, हसू तोंडावरच राहिलं, असं दिसलं तर सगळ्यांसमोर "काय झालं?" विचारू नका. पुढचा प्रश्न हलका काढा, दुसऱ्यावर राज्य द्या आणि नंतर बाजूला घेऊन विचारा.

लांब राहणाऱ्या मित्रांबरोबर

व्हिडिओ कॉलवर मूळ खेळ जवळपास तसाच चालतो. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं उत्तर कागदावर लिहून पालथं ठेवावं, बाकीच्यांनी चॅटमध्ये टाइप करून थांबावं आणि सूत्रधारानं "तीन, दोन, एक" म्हटल्यावर एकदम पाठवावं. आवाज एकमेकांवर चढतात, म्हणून सहाच्या वर जाऊ नका आणि प्रश्न दहा-बारावर थांबवा.

शेवटची फेरी

गुण मोजण्यापूर्वी एक फेरी बिनगुणांची घ्या. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी भांड्यात टाका, सगळ्यांनी एकेक उचला, स्वतःची निघाली तर बदला. ज्याचं नाव आलं त्याच्याबद्दल आज नव्यानं कळलेली एक गोष्ट दोन ओळींत लिहा आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्या. मोठ्यानं वाचायची की नाही, ते त्यानं ठरवावं.

मग गुण सांगा, जिंकलेल्याला पुढच्या वेळचा सूत्रधार करा आणि उरलेले कागद सगळ्यांसमोर फाडून टाका. ज्याला आपला कागद हवा असेल त्याला तो घेऊ द्या. ज्या प्रश्नावर सगळेच चुकले तेवढा एक टिपून ठेवा, आणि वर्षभरानं पुन्हा जमाल तेव्हा त्याच माणसाला तोच प्रश्न विचारा. जुनं उत्तर आधी दाखवू नका.